पाठमोरा माणूस आणि 28 न्यायाधीश

[दृश्य: लखनौचं विधानभवन, बाहेरून; मग सभागृहाचा कठडा]

मिर्झापूरच्या दगडात बांधलेली ही वास्तू 1928 सालची. आत, सभागृहाच्या कठड्यापाशी, 14 मार्च 1964 रोजी गोरखपूरच्या केशव सिंहांना आणून उभं केलं होतं.

गुन्हा काय? एक पत्रक. एका आमदारावर भ्रष्टाचाराचे आरोप करणारं. विधानसभेने त्याला हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग ठरवून शिक्षा सुनावली ती फक्त समज देण्याची. त्यांचे दोन साथीदार लखनौला आले, मुकाट समज ऐकून परतले. केशव सिंह आले नाहीत. गाडीभाड्याला पैसे नाहीत, म्हणाले.

[दृश्य: गोरखपूर स्थानक, लखनौकडे निघालेली गाडी]

मग त्यांना पकडूनच आणलं. अध्यक्षांनी नाव विचारलं, उत्तर नाही. केशव सिंह अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले. तीनच दिवसांपूर्वी, 11 मार्चला, त्यांनी अध्यक्षांना पत्र धाडलं होतं, त्यात सभागृहाच्या फर्मानाला ‘नादिरशाही’ म्हटलेलं. सभागृहाने 7 दिवसांची कैद दिली.

[दृश्य: संविधानाची पानं, बोट ओळींवरून फिरतंय]

या ओळी नीट वाचा. अनुच्छेद 194(3): विधिमंडळाचे विशेषाधिकार कायद्याने ठरतील, तोवर ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे असतील तेच. असा कायदा कोणी केलाच नव्हता. 211: न्यायाधीशांच्या वर्तनाची चर्चा विधिमंडळात नको. 212: सभागृहाच्या कामकाजात कार्यपद्धतीच्या चुका न्यायालयाने काढू नयेत. आणि 226: कोणाचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं, तर उच्च न्यायालयाचं दार उघडं. प्रत्येकाचं शेत वेगळं, मधे बांध घातलेले. पण बांध कोणी कोरला, हे ठरवणार कोण?

[दृश्य: निकालपत्राची जुनी पानं, तारखा ठळक]

19 मार्च. केशव सिंहांचे वकील बी. सॉलोमन त्यांच्या सुटकेसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे अर्ज करतात. समोर न्यायमूर्ती बेग आणि न्यायमूर्ती सहगल. दुपारी 3 वाजता प्रकरण पुकारलं जातं, तेव्हा सरकारतर्फे कोणी हजरच नाही. जामीन मंजूर. कैद संपायला जेमतेम एखादा दिवस उरला होता.

21 मार्च. विधानसभा ठराव करते: केशव सिंह, त्यांचे वकील आणि ते दोन्ही न्यायाधीश, सगळ्यांना कोठडीत घेऊन सभागृहापुढे आणा. हो, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश! का, तर त्यांनी जामीन दिला.

[दृश्य: अलाहाबाद उच्च न्यायालय, लांबलचक व्हरांडा]

दोघे न्यायाधीश अलाहाबादला धावले आणि आपल्याच न्यायालयात अर्जदार म्हणून उभे राहिले. 23 मार्चला उरलेले सगळे, म्हणजे 28 न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. दोन दिवसांनी विधानसभा जरा नरमली: अटक नको, पण येऊन खुलासा करा.

आतापर्यंत भांडण दोघांचं होतं. आता केंद्र सरकार हललं. 26 मार्चला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी अनुच्छेद 143 खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं.

[दृश्य: दिल्ली, टिळक मार्ग, सर्वोच्च न्यायालयाचा घुमट]

सरन्यायाधीश होते साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर. विधानसभेची बाजू मांडायला महाराष्ट्राचे महाधिवक्ता होरमसजी सीरवाई, न्यायाधीशांच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड. दोघेही मुंबईच्या वकिलीतले दिग्गज. 7 जणांच्या पीठाने 30 सप्टेंबरला मत दिलं, 6 विरुद्ध 1. सीरवाईंचा युक्तिवाद असा, की हाउस ऑफ कॉमन्सच्या वॉरंटची, म्हणजे कैदेच्या हुकमाची, न्यायालय छाननी करत नाही, मग इथेही करू नये. बहुमत म्हणालं, तिथे संसद सर्वोच्च, इथे संविधान. विधिमंडळही त्याच्याच चौकटीत. बाहेरच्या नागरिकाला सभागृह तुरुंगात धाडत असेल, तर ते वॉरंट न्यायालय तपासू शकतं. जामीन देण्यात सभागृहाचा अवमान झाला नाही. न्यायमूर्ती ए. के. सरकार एकटे वेगळं बोलले.

[दृश्य: विधानभवन, रस्त्यावरची वर्दळ]

मार्च 1965 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने केशव सिंहांचा मूळ अर्ज फेटाळला आणि उरलेली शिक्षा भोगायला सांगितली. 1978 च्या घटनादुरुस्तीत हाउस ऑफ कॉमन्सचा उल्लेख गेला. अधिकार मात्र होते तेवढेच राहिले, आणि ते कोणते हे सांगणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही.