आधी पाय, मग हात

(दृश्य: अमळनेर. ओसरीवर ओळीने मांडलेल्या पायमशीन.)

खानदेशची काळी माती म्हणजे कापूस. इथल्याच प्रताप मिलमध्ये एकेकाळी कापड विणलं जायचं. आता ते बाजारातून आणायचं, पण अंगाला बेतून शिवून घ्यायची हौस काही गेलेली नाही. म्हणून शिवणक्लासला मुली येतात. येतात त्या थेट ब्लाऊज शिकायला.

पहिल्या दिवशी कापड मिळतच नाही. मिळतो वहीचा फाडलेला कागद. सुईत दोराही नाही. छापील रेघेवरून नुसतं टोचत जायचं. चेहरे पडतात. मोबाइलवर तर पाच मिनिटांत गळा तयार होतो!

हाताचं काम सोपं, कागद फक्त वळवायचा. खरी परीक्षा पायांची. टाच आणि चवडा एका तालात पडले, तरच चाक आपल्या दिशेने फिरतं. ताल चुकला की चाक उलटं जातं. दोरा ओवल्यावर हेच झालं, तर तो तटकन तुटतो आणि मागून ताईंचा आवाज येतो, "दोरा कसा तुटना व माय?"

(दृश्य: सुई अगदी जवळून.)

हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ. ही सुई दोरा घेऊन कापडाखाली उतरते आणि वर येताना तिथे एक छोटा फास सोडते. खालचं शटल तो फास पकडून बॉबीनच्या, म्हणजे खालच्या छोट्या रिळाच्या, दोऱ्याभोवती फिरवतं. दोन दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. झाली टीप. एलियास होवेने 1846 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, ते याच युक्तीचं.

हे एकदा नीट पाहिलं की निम्मा वैताग वाचतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला, की नवशिकी हमखास बॉबीन केस उघडून बसते. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणून धरणाऱ्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो, कारण ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली होता. फूट उचलायचा, पुन्हा ओवायचं. बिचाऱ्या बॉबीनला उगाच बोल.

उसवणं मात्र सगळ्यांनाच नकोसं. इथे त्याला सुट्टी नाही. वाकडी टीप तशीच ठेवली, तर पुढची तिच्याच मापाने वाकडी जाते.

मग कापडाची ओळख. काठाला समांतर उभा धागा फारसा ताणत नाही. तिरकं धरून ओढलं की तेच कापड लांबतं. गळ्याच्या गोलाईवर उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी चुण्या न पडता बसते, ती यामुळे.

कागद संपले, आता परकर. सहा कळ्या, वर नेफा, खाली दुमड. सरळ टिपांचं काम, आणि थोडं वाकडं गेलं तरी साडीखाली कोण बघतंय? बाजारातून दोन-सव्वादोन मीटर सुती पॉपलीन आणायचं. कात्री लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं, इस्त्री करायची. सुती कापड आटतं. त्याला आटायचं असेल तेवढं आधीच आटू द्यावं.