दंड घातलेलं लुगडं

(काळा पडदा. लोखंडी कपाटाची मूठ फिरल्याचा आवाज.)

हे कपाट उघडायला एक युक्ती लागते. मूठ खाली दाबायची आणि त्याच वेळी गुडघ्यानं दाराला हलकं ढोसायचं. घरातल्या तिघी बायकांना ती जमते. पुरुषमंडळी अजून हाक मारतात.

आपण पुण्यात आहोत, कोथरूडला. तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं. इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि महिनाअखेरीला सगळ्यांनी किल्ल्या द्यायच्या आहेत. जिन्यात बघा, प्रत्येक मजल्यावर खोकी, गाद्या, कुंड्या. भांडी दोन दिवसांत बांधून झाली. पुस्तकांना रद्दीवाला आला. घोडं अडलं ते कपड्यांपाशी, आणि ते या एकाच घरात अडलं असं नाही, बाराही घरांत अडलं.

(पलंगावर कपड्यांचा ढीग. आजी भिंतीला टेकून.)

नात बेंगळुरूहून मदतीला आली आहे. तिनं आल्या आल्या तीन ढीग ठरवले: ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. दुपारी दीडच्या सुमाराला चौथा ढीग तयार झाला, ‘आजीला विचारायचे’. बघता बघता तोच सगळ्यांत मोठा झाला.

नातीचा नियम साधा आहे. वर्षभर अंगाला लागलं नाही, ते घराबाहेर. आजीचं त्यावर म्हणणं असं की, तुझ्या आजोबांनी लग्नातला सूट परत कधी घातलाच नाही. म्हणजे तो अडुसष्ट सालीच टाकायला हवा होता. सूट ‘ठेवायचे’मध्ये गेला. त्याच्या खिशात डांबरगोळीचा चुरा निघाला.

कॅमेरा आता वरच्या कप्प्यापासून खाली येतोय. सगळ्यांत वर लेगिंग्ज, कंपनीनं वाटलेले टी-शर्ट, कुर्ते. त्याखाली सुनेच्या जॉर्जेटच्या आणि शिफॉनच्या साड्या, रुखवतातली एक, हळदीकुंकवाच्या आहेरातल्या आठ. घडी मोडलेली नाही. त्याच्याही खाली आजीच्या वॉयल. खटावची वॉयल म्हटलं की एका पिढीच्या बायका अजूनही बोटांनी हवेतच कापड चाचपतात. आणि तळाशी टेरीकॉट. सत्तरच्या दशकात या कापडानं आजोबांना इस्त्रीतून सोडवलं आणि घामाच्या हवाली केलं.

थोडं थांबू या इथे, कारण हा एका घराचा पसारा असला तरी गिरण्यांचा इतिहास त्यातच घडी घालून ठेवलेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर कित्येक गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. कपाटात त्याच सुमाराला सुती कापड मागे सरत गेलं आणि न विरणारं, न विटणारं कापड पुढे आलं. ‘न विरणारं’ ही तेव्हा जाहिरात होती. ते विरत नाही, हीच आज अडचण आहे. त्याकडे येऊ.

(माळ्यावरून पत्र्याची ट्रंक उतरवताना. धूळ.)

ही ट्रंक आजीच्या सासूबाईंची. आत एक पितळी फणेरपेटी, पंचांगं आणि हे.

काळी चंद्रकळा, लाल काठ. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. आजीनं ती कॉटवर पसरली आणि मधोमध आडवी शिवण दिसली. नातीला वाटलं फाटलंय. आजी म्हणाल्या, “फाटलेलं नाही गं, दंड घातलाय.”

लुगडं सगळीकडून सारखं विरत नाही. बसायच्या जागी आणि कासोट्यापाशी आधी विरतं. काठ-पदर शाबूत आणि मधला भाग चाळणी, अशी त्याची गत होते. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन धडके तुकडे एकमेकांना जोडायचे. या जोडाला म्हणतात दंड. पुष्कळदा दुसरा तुकडा दुसऱ्याच लुगड्याचा असायचा. इथेही तसंच आहे. नीट बघा, शिवणीच्या डावीकडचा काळा अजून काळा आहे, उजवीकडचा मातकट झालाय. लाल काठ मात्र काठाला इतका बेमालूम जुळवलाय की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

सासूबाई सांगायच्या, हे युद्धाच्या काळातलं. 1943 मध्ये सरकारनं सुती कापडावर नियंत्रण आणलं, कापड मिळणं मुश्कील झालं. पण दंड घालायला महायुद्ध लागायचं असं नाही. साध्या घरांत ती नेहमीचीच गोष्ट होती.

आणि दंडानंतरही लुगडं संपत नसे. पुन्हा विरलं की त्याचं परकर-पोलकं. बाळंतिणीच्या घरी दुपटी, बाळुती आणि पहिलं झबलं. नव्या बाळाच्या अंगाला नवं कापड नाही लावायचं, जुनंच, धुऊन धुऊन मऊ झालेलं. उरलेल्याची गोधडी. गोधडीतूनही उरलं त्याचं पोळ्यांच्या डब्यातलं फडकं, डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ, चुलीवरचं पातेलं उतरवायचा चिंधा. मग जमीन सारवायचं पोतेरं. धडकी पट्टी सापडली तर पिळून, तेलात भिजवून काकडा. पहाटेच्या आरतीला कुणाचं जुनं धोतर उजेड देतंय हे देवाला माहीत.

या सगळ्या पायऱ्यांना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत, आणि आपण त्यांतला निम्मा शब्दसंग्रह कपाटाबरोबरच रिकामा केला, अशी माझी तक्रार आहे. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबा अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र घालून गावोगाव झाडत फिरले, आणि कुठे ‘गोधडेबुवा’ तर कुठे ‘चिंधेबुवा’ म्हणून ओळखले गेले, तिथे ‘चिंधी’ हा शब्द आता फक्त अपमान करायला वापरतात.

(जिन्यातून आवाज: “भांड्येऽऽय... जुने कपडे भांड्येऽऽय...”)

बोहारीण.

आमच्या नशिबानं ती चित्रीकरणाच्या दिवशीच आली. इमारत रिकामी होतेय ही बातमी तिला आमच्या आधी कळली असणार. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, पाठीवर बोचकं. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात तिनं बैठक मारली आणि पाच मिनिटांत सगळ्या मजल्यांवरच्या बायका तिथे जमल्या.

तिचे हात बघा. पँट आली की आधी बसायची जागा दोन्ही अंगठ्यांनी ताणते. मग गुडघे. मग चेन. शर्ट आला की कॉलर उलटी करते. साडी आली की घडी सोडून उजेडाकडे धरते, विरलेल्या जागी उजेड आरपार दिसतो. जरीची साडी हातात आली की मात्र काही बोलत नाही, फक्त नखानं जर खरवडते. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. तिचा भाव कपड्याचा नसतो, धातूचा असतो. म्हणून जुन्या जरीचे गिऱ्हाईक वेगळे. या घरातल्या जरीला नख लावल्यावर आत पांढरा दोरा निघाला. साडी बाजूला.

सून म्हणते, “अहो, ही पँट दोनदाच घातलीय.”

“दोनदाच घातली म्हणून तर चेन गंजली, ताई.”

कढई हवी तर अजून दोन जीन्स लागतील. जीन्स नाहीत. मग कढई टोपलीत परत, झाकणाचा डबा पुढे. डब्याला झाकण सैल. दुसरा डबा. या घासाघिशीचं चित्रण आमच्याकडे चाळीस मिनिटांचं आहे आणि त्यातला एक क्षणही कंटाळवाणा नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, तारखा असतात, कुणाच्या तरी स्मरणार्थ असतं. बोहारणीकडून आलेली भांडी तेवढी बिननावाची. तरी घरच्या बाईला पाठ असतं, हे पातेलं ह्यांच्या सफारीवर आलेलं.

तिनं जे घेतलं ते घरी जाऊन धुतलं जाईल, बटणं लागतील, इस्त्री होईल. पुण्यात जुना बाजार भरतो तो बुधवारी आणि रविवारी. रविवारचं हे एकच दृश्य मिळालं: दोरीवर टांगलेल्या पँटी, आणि पँट आपल्या पँटीवरच कमरेला लावून बघणारा एक मुलगा. विक्रेत्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितला, आम्ही केला.

बोहारणीनं नाकारलेल्या ढिगावरून घरात वाद झाला. सुनेचं मत, संस्थेला द्यावेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पूरग्रस्तांना पाठवा की.” ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा मदत म्हणून जुन्या कपड्यांचे असेच ढीग जाऊन पडले होते. चिखल उपसणाऱ्या बाईला विनाबटणांचा कोट आणि पार्टीवेअरचा काय उपयोग? जे बोहारीण घेत नाही ते दानातही जाऊ नये, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ झालं.

(गच्ची. सकाळचं ऊन. सुती कपडे वाळत.)

या फिल्ममधला माझा आवडता भाग आता येतोय.

या दोघी मूळच्या मराठवाड्यातल्या. गोधड्या शिवून देतात. इकडे गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ. त्यांनी आल्यावर पहिलं काम केलं ते कापड फाडायचं. ऐका.

(टर्रऽऽऽ)

सुती कापड. काठाला दातानं चीर दिली की धाग्याला धाग्यानं सरळ फाटत जातं. आता हे जॉर्जेट. ओढलं, पुन्हा ओढलं. काठ वेडावाकडा झाला, फाटलं नाही. कात्रीनं कापून आत घातलं तर काय होईल?

“आत घसरतंय ते. टाका धरत न्हाई. आन् घाम बी पीत न्हाई. उन्हाळ्यात आंग भाजतंय.”

नातीच्या लेगिंग्ज त्यांनी हाताला लावून बघितल्या, ताणल्या, हसल्या आणि परत दिल्या.

तळाला आणि वरती लुगडं, मध्ये वॉयल, आजोबांची धोतरं, एक फाटकी चादर. सहा थर झाले. चारही कडांना विटा ठेवून सुरकुत्या काढल्या. मग हातभर अंतरावर कच्चे टाके, थर हलू नयेत म्हणून. खरं काम त्यानंतर. धावदोरा. एक जण या कडेला, दुसरी त्या कडेला, आणि ओळी कडेकडून आत सरकत येतात. अंगुस्तान नाही, बोटाला चिंधी बांधलेली. सुई सहा थरांतून खाली जाते ती बोटाला टोचली की कळतं, मग वर. मापपट्टी कुठेच नाही. तरी शेजारशेजारच्या दोन ओळींतलं अंतर बघा, बोटाच्या पेराएवढं, शेवटपर्यंत.

चंद्रकळा कापायची की नाही यावर एक अख्खी दुपार गेली. नात म्हणाली, चौकटीत लावू. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भिंतीवर लावून काय करायचंय? अंगावर घ्यायचं कापड आहे ते.” तीन तुकडे झाले. दंड होता तो तुकडा मधला. शिवण जाड असल्यानं सुई अडखळते, म्हणून आधी तो खालच्या बाजूला घ्यायचा ठरत होता. आजींनी तो वर घ्यायला लावला. थोरल्या बाई म्हणाल्या, “मग तिथं टाकं बारीक घालावं लागतील. दुप्पट येळ.” दुप्पट वेळ लागला. दंडाच्या दोन्ही अंगांनी गेलेल्या त्या दोन ओळी जवळून बघा. ऐंशी वर्षांपूर्वीचा टाका मधला, आणि कालचे दोन बाजूंचे. मजुरी ठरलेली तेवढीच मिळाली.

(जिन्याखाली गोण्या. पहाट.)

या सात गोण्या. लेगिंग्ज, टी-शर्ट, जॉर्जेट, टेरीकॉट. कुणी घेतलं नाही. सकाळी कचऱ्याच्या गाडीत गेल्या. सुती कापड मातीत कुजतं, हे कुजत नाही.

(टेम्पो. कपाट खाली येतंय.)

कपाट जिन्याच्या वळणावर दोनदा अडकलं. आरसा फुटेल म्हणून हमाल वरून ओरडला, काहीतरी जाड द्या. दारात घडी घालून ठेवलेली गोधडी त्याच्या हाताला लागली. त्यानं ती आरशावर टाकली आणि सुतळीनं करकचून बांधली. नात धावली. आजींनी तिचा दंड धरला.

दंड घातलेली बाजू बाहेर आली आहे. टेम्पो निघतो.