संगणक ओरडला तरी नंबर फिरवू नका

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना संगणकाच्या आडून लुबाडलं जातं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. 2024 या एका वर्षात 60च्या पुढच्या लोकांनी एफबीआयकडे नोंदवलेलं नुकसान जवळजवळ 5 अब्ज डॉलर होतं. हे झालं नोंदवलेलं. लाजेपोटी पोटच्या मुलांनाही सांगितलं नाही, ते यात आलेलंच नाही.

हा धंदा कसा चालतो ते बघायला वॉशिंग्टनला जायला नको. मीरा रोडला जाऊ या. ऑक्टोबर 2016चा पहिला आठवडा. ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापा घातला, तोही रात्री, कारण आपली रात्र म्हणजे अमेरिकेतला कामाचा दिवस. आत 700हून अधिक मुलंमुली सापडली. कानाला हेडफोन, तोंडी अमेरिकन नाव, आणि काय बोलायचं ते आधीच लिहून दिलेलं. आपण आयआरएसमधून, म्हणजे तिथल्या आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरला नाही तर अटक होईल. ऐकणारा बाहेरून येऊन स्थायिक झालेला असला तर देशाबाहेर घालवण्याची धमकी. इंटरनेटवरून लावलेल्या फोनवर हवा तो नंबर दाखवता येतो, त्यामुळे समोरच्याच्या फोनवर नंबर सरकारी वाटे.

आता पुढचं नीट ऐका. घाबरलेल्या माणसाला सांगायचं, फोन चालू ठेवा आणि दुकानात जा. तिथे आयट्यून्सची किंवा दुसरी गिफ्ट कार्डं घ्या. मागची पट्टी खरवडा आणि कोड वाचून दाखवा. कोड वाचून झाला की कार्डावरचे पैसे लगेच वळवले जात, आणि मग ते परत मिळणं फार कठीण. सरकारचा कर कधी गिफ्ट कार्डाने भरतात का, हा प्रश्न कुणालाही सुचेल. पण तो सुचायला क्षणभर शांतता लागते, आणि नेमकी तीच मिळू द्यायची नाही. फोन ठेवला की माणूस मुलीला फोन करतो, शेजाऱ्याला विचारतो, आणि डाव उधळतो. म्हणून फोन ठेवू द्यायचा नाही. परत सांगते, फोन ठेवू द्यायचा नाही, हा या धंद्याचा कणा आहे. दुकानातल्या मुलीने विचारलं तर नातवंडांसाठी घेतोय म्हणा, हेसुद्धा पढवलेलं असतं.

त्या छाप्यानंतर अमेरिकेत आयआरएसच्या नावाने येणाऱ्या फोनच्या तक्रारी एकदम खाली आल्या. इतक्या लांबच्या उपनगरातला छापा, आणि हजारो मैलांवर घरोघरचे फोन गप्प! त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांसह 61 जणांवर आरोप ठेवले. फसलेले लोक किमान 15,000. अमेरिकेत राहून या धंद्याचे पैसे गोळा करणारे, हवाल्याने फिरवणारे, यांतले 21 जण 2018मध्ये शिक्षेला गेले, काहींना 20 वर्षांपर्यंत. त्यांतले बरेच आपल्याच देशातून तिथे गेलेले होते, आणि हे मनाला लागतं.

आता अनेकदा उलटं होतं. ठग फोन करत नाही, तुम्हाला करायला लावतो. आजी पाककृती शोधत असतात, आणि अचानक सगळा पडदा लाल-निळा, भोंगा वाजतोय, व्हायरस आलाय, संगणक बंद करू नका, या नंबरवर फोन करा. श्रोतेहो, ते नुसतं एक वेबपान असतं. पडदाभर पसरलेलं, माउसचा बाण लपवणारं, पण पानच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की खोटं.

काय करायचं? एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा. मोठं झालेलं पान लहान होतं, मग बंद करा. नाही झालं, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून एंड टास्क. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. ब्राउझर परत उघडल्यावर आधीची पानं आणू का विचारतो, तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच पान पुन्हा हजर.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या कंपन्यांनी आपला फोन नंबर सातव्या पानावर दडवून ठेवलाय. नंबर लावला तरी यंत्रच बोलतं. म्हणून म्हातारी माणसं मदतीचा नंबर सर्चमध्ये शोधतात, आणि वरची जाहिरात ठगाची निघते. तिथे माणूस पहिल्या रिंगला उचलतो आणि गोड बोलतो. फसवणुकीचा निम्मा रस्ता या कंपन्यांनीच मोकळा करून दिलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

नंबर लावलाच, तर ते एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर हे लांबून संगणक चालवायचे प्रोग्राम घालायला सांगतात आणि संगणक त्यांच्या हातात जातो. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकाची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणा दाखवतात. त्या ठणठणीत संगणकातही असतात. पुढे बँकेचं खातं उघडायला लावतात. तुमचे 200 डॉलर परत करतो म्हणतात, आणि मग चुकून 20,000 आले म्हणतात. खरं तर त्यांनी तुमच्याच बचत खात्यातले चालू खात्यात सरकवलेले असतात, किंवा पानावरचा आकडाच बदललेला असतो. जास्तीचे परत करा, अशी रडारड सुरू.

हे घडलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, राउटरची वायर काढा. बँकेला फोन करा, पण कार्डाच्या मागच्या नंबरवर. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. ते प्रोग्राम काढून टाका. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या अमेरिकेतल्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, तिन्हीकडे क्रेडिट गोठवा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणं अवघड होतं, ते फुकट आहे. गिफ्ट कार्ड आणि पावती फेकू नका, कार्डाच्या कंपनीला लगेच कळवा. तक्रार एफबीआयच्या आयसी3 या संकेतस्थळावर करा. पैसे वायर ट्रान्सफरने, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात, गेले असतील तर त्याच दिवशी करा, कारण थांबवायला थोडेच तास मिळतात. भारतातल्या श्रोत्यांसाठी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर 1930. पुन्हा सांगते, एक नऊ तीन शून्य.

आणि काही आठवड्यांनी कुणी फोन करून म्हणेल, तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यातूनच हा फोन येतो. त्यालाही एक पैसा देऊ नका.