टोपी फिरायच्या आधीची पाच मिनिटं

(तोफेचा आवाज. लाकडी फाटक उघडतं. धूळ.)

सकाळचे दहा वाजलेत. हे टेक्सासमधलं वॅक्सहाची, डॅलसपासून गाडीने पाऊण तासाच्या आत, आणि इथे एप्रिल-मे मधल्या शनिवार-रविवारी आठव्या हेन्री राजाचं इंग्लंड उभं राहतं. राजा-राणीची मिरवणूक निघते, चिलखत घातलेले स्वार भाले घेऊन एकमेकांवर घोडे घालतात, पोरं टर्कीची अख्खी तंगडी हातात धरून फिरतात. स्कारबरो रेनेसान्स फेस्टिव्हल, म्हणजे जुन्या युरोपचा थाट मांडणारी जत्रा. १९८१ पासून चालू आहे.

आम्ही मात्र कॅमेरा घेऊन मागच्या कुंपणापलीकडे गेलो, कारण हे सगळं करणारी माणसं तिथे राहतात. व्हॅन, जुने ट्रेलर, तंबू, दोरीवर वाळत घातलेले मखमली अंगरखे आणि त्यांच्याच शेजारी टी-शर्ट. ही मंडळी स्वतःला रेनी म्हणवतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना आपण, ते इथे अक्षरशः बघायला मिळतं.

आमच्या गोष्टीत दोघं आहेत, नवरा-बायको. ती सैल बांधलेल्या दोरीवर चालते, तो खाली सुऱ्या आणि मशाली हवेत खेळवतो. अकरा वर्षं झाली, घर असं नाहीच, एक व्हॅन आहे आणि वर्षाचा ठरलेला फेरा आहे. फेब्रुवारी-मार्च ॲरिझोना, सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याशी. मग इथे टेक्सासमध्ये. जूनपासून कोलोरॅडोत लार्क्सपर, ऑगस्टमध्ये वर मिनेसोटाला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला परत टेक्सास, पण यावेळी टॉड मिशनला, जिथे १९७४ पासून फेस्टिव्हल भरतो आणि तो इतका मोठा झाला की त्याच्या भोवती गावच वसलं, १९८२ मध्ये रीतसर नगरपालिकेसकट.

(जुने फोटो)

अमेरिकेत अशा जत्रा सुरू केल्या एका शाळेच्या बाईंनी. फिलिस पॅटरसन. लॉस एंजेलिसला घराच्या अंगणात त्या मुलांना नाटक शिकवायच्या, त्यात इटलीतल्या जुन्या फिरत्या मुखवटा-नाट्याचे, म्हणजे कॉमेडिया देल आर्तेचे प्रयोग करून घ्यायच्या. त्यातून त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी मे १९६३ मध्ये दोन दिवसांची जत्रा भरवली, केपीएफके नावाच्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ स्टेशनसाठी पैसे गोळा करायला. मला हे वाचून फार भारी वाटलं, की फिरत्या नटांचा खेळ मुलांना शिकवता शिकवता त्यातून खरोखरचे फिरते नट तयार झाले, आणि साठ वर्षं झाली तरी ते फिरतायत.

यातली काही माणसं पुढे फार मोठी झाली. पेन आणि टेलर ही लास व्हेगासची जादूगार जोडी १९७५ मध्ये मिनेसोटाच्या फेस्टिव्हलमध्ये पहिल्यांदा एकत्र उभी राहिली. पण आपण आज त्यांच्याबद्दल बोलत नाहीयोत.

(दुपार. गवताच्या पेंढ्यांवर बसलेले प्रेक्षक.)

आता नीट बघा, कारण अख्खं पोट या पाच मिनिटांवर चालतं.

शो अर्ध्या तासाचा. शेवटची पाच मिनिटं उरली की ती दोरीच्या मधोमध येऊन थांबते. सगळ्यात अवघड प्रकार अजून व्हायचाय. दोरी डावीकडे-उजवीकडे झुलतेय, तिच्या पोटऱ्या थरथरतायत, पातळ चामड्याच्या चपलेतून पायाची बोटं दोरीला घट्ट धरायला बघतायत. सगळे श्वास रोखून बसलेत. आणि नेमकं तेव्हाच तो डोक्यावरची टोपी काढतो, उलटी धरतो आणि पैशाचं बोलतो. सरळ बोलतो. की आमचा पगार म्हणजे मुख्यतः हीच टोपी, आवडलं असेल तर जमेल तेवढं टाका, आणि खिशात नसेल तर तसेच या, हात मिळवून जा, तुम्ही बसलात म्हणून खेळ झाला.

आधी का सांगायचं? कारण शेवटचा प्रकार झाला की लोक उठतात, पुढच्या शोची वेळ झालेली असते, दोन मिनिटांत पेंढ्या रिकाम्या होतात. मला लहानपणी आमच्या गल्लीत येणारे डोंबारी आठवले. ढोलकीवर खेळ व्हायचा, दोरीवर माझ्याच वयाची पोरगी चालायची, आणि थाळी फिरायला लागली की मागची गर्दी हळूच पांगायची, त्यात कधीकधी मीही असायचो, आणि आज इतक्या वर्षांनी हे शूट करताना त्याची खरंच लाज वाटली.

प्रत्येकाचा करार वेगळा असतो. कुणाला ठरलेली रक्कम मिळते, कुणाला थोडी रक्कम आणि बाकी टोपी. पण बहुतेक जण कंत्राटी, म्हणजे आजारपणाची सुट्टी नाही, आणि आरोग्य विमा काढायचा तर स्वतःच्या खिशातून. मनगट मोडलं तर सुऱ्या फेकणाऱ्याने करायचं काय? म्हणून या लोकांनी आपसातच रेस्क्यू नावाची संस्था उभी केलीय, फेस्टिव्हलमध्ये काम करणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खर्चाला ती मदत करते. पाऊस पडला तरी फाटक उघडतं, शो होतो, चिखलात पंधरा माणसं बसतात, टोपीत पंधरा माणसांचे पैसे पडतात, डिझेल मात्र तेवढंच लागतं. आणि २०२० मध्ये तर ॲरिझोनाचा सीझन मार्चमध्येच आटोपला, स्कारबरो त्या वर्षी झालंच नाही. हातावर पोट असलेल्यांचं काय झालं ते आपण आपल्याकडेही बघितलंय.

सोमवार ते शुक्रवार काय करतात? लोक हेच विचारतात. सोमवारी झोप. मग लाँड्री, किराणा, फाटलेल्या बाह्या शिवणं, मशालींच्या वाती बदलणं, ईमेल करून पुढच्या वर्षाची कामं धरणं. शेजारच्या ट्रेलरमधली मुलं टेबलावर गणितं करत बसलेली असतात, शाळा आईच घेते. संध्याकाळी कुणीतरी व्हायोलिन काढतं, कुणी शेगडी पेटवतं, आणि दिवसा तलवारीने एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोघं एकाच भांड्यातून सूप घेत बसतात. मला सगळ्यात आवडला तो हा भाग, खरं सांगतो.

(रात्र. व्हॅनमध्ये एक दिवा.)

पलंगावर टोपी पालथी केलीय. ती एकेक नोट मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करते, एक-एकच्या वेगळ्या, पाचच्या वेगळ्या. आजकाल फोनवरूनही पैसे येतात, लाकडी फळीवर जुन्या वळणाच्या अक्षरांखाली क्यूआर कोड चिकटवलाय. मध्येच नोटांतून एक प्लास्टिकची गुलाबी अंगठी निघते. कुठल्यातरी लहान मुलीने टाकलेली. ती उठून समोरच्या आरशाच्या दांडीला अडकवते. तिथे आधीच सात-आठ आहेत, आणि एक दुधाचा दातही आहे, छोट्या पिशवीत.

(मे महिन्याचा शेवटचा सोमवार. संध्याकाळची तोफ.)

मेमोरियल डे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीची अमेरिकेतली सुट्टी. इथला शेवटचा शो. रात्रीच आवराआवर. पहाटे निघायचं, २८७ नंबरचा हायवे धरून विचिटा फॉल्स, ॲमरिलो, मग रेटन घाट चढून कोलोरॅडो, हजार-बाराशे किलोमीटर. सुऱ्या पेटीत, मशाली डब्यात, अंगरखे गुंडाळून पलंगाखाली. दोरी सगळ्यात शेवटी भरतात, अगदी दाराशी. पोचल्यावर तीच आधी बाहेर काढायची असते, दोन झाडं बघून बांधायची आणि अंधार पडायच्या आत ती एकदा चढून बघते.