जुनी दुबई नीट कशी बघायची? बर दुबई ते देरा, खाडीच्या दोन्ही काठांवर

[कॅमेऱ्यासमोर. मागे खाडी, अब्रांची ये-जा.]

नमस्कार मंडळी! बुर्ज खलिफा झाला, मॉल झाले, वाळूतली सफारी झाली, आणि शेवटच्या दिवशी विमानाला वेळ आहे म्हणून 'जरा जुना बाजार बघून येऊ'. बहुतेकांची जुनी दुबई अशी उरकते. सकाळी अकराला टॅक्सीने थेट देराच्या सोनेबाजारात उतरायचं. एकच्या सुमाराला बरीच दुकानं शटर ओढतात, ऊन डोक्यावर येतं आणि मंडळी कंटाळून हॉटेलात परततात. यात दोष बाजाराचा नाही, वेळेचा आहे.

म्हणून आधी क्रम सांगतो. दुपारी तीनला बर दुबईच्या बाजूने सुरुवात. सूर्य मावळायच्या आसपास अब्रा, म्हणजे लाकडी होडी, पकडून खाडी ओलांडायची. दिवे लागले की देरा. तीनला जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत सावली असते, तेव्हा ती पायी बघायची. दुपारी बंद झालेली दुकानं चारनंतर उघडतात, तोवर तुम्ही बाजारात पोचता. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो, त्याप्रमाणे चाल ठेवा. महिने नोव्हेंबर ते मार्च. जून ते ऑगस्ट पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा हा सगळा कार्यक्रम सूर्यास्तानंतर करा. शुक्रवारी दुपारी नमाजामुळे बाजार बंद असतो, तो दिवस निवडलात तर चारच्या आत येऊच नका.

[पडद्यावर मेट्रोचा नकाशा, हिरवी लाइन ठळक.]

यायचं मेट्रोने. विमानतळावरून किंवा बुर्ज खलिफाकडून येणारी लाल लाइन, ती बुरजुमानला सोडून हिरवी पकडायची आणि पुढच्याच स्टेशनवर उतरायचं. स्टेशनचं आताचं नाव शराफ डीजी. जुन्या नकाशांत आणि जुन्या व्हिडिओंत तेच अल फहिदी म्हणून दिसेल, त्यामुळे गोंधळ होतो. नोल कार्ड, म्हणजे भाड्याचं रिचार्ज कार्ड, लागतं. साधं चंदेरी कार्ड २५ दिरहॅमचं, त्यात १९ दिरहॅम प्रवासाला वापरता येतात. डब्यांत चढताना वर बघा: एक गोल्ड क्लासचा, एक बायका-मुलांचा. चुकीच्या डब्यात सापडलात तर १०० दिरहॅम दंड. गाडीत खाल्लं-प्यायलं तरी १००, आणि च्युइंगगमही त्यातच धरतात.

[अल फहिदीच्या गल्लीत चालत.]

स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चाललं की अल फहिदी वस्ती. जुनं नाव बस्तकिया, कारण इथे घरं बांधणारे व्यापारी इराणच्या दक्षिणेकडच्या बस्तक भागातले. विसावं शतक सुरू होताना पलीकडच्या लिंगे बंदरात इराण सरकारने जकात वाढवली, आणि त्याच सुमाराला दुबईच्या शेखांनी आपल्याकडची जकात काढून टाकली. व्यापारी बिऱ्हाड घेऊन इकडे आले. दुबई आजही करसवलतीवर धंदा खेचते, त्या धोरणाची ही पहिली मोठी कमाई.

आता मान वर करा. घरावरचा हा चौकोनी बुरुज म्हणजे बारजील, वारा पकडणारा मनोरा. आतून तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन आडव्या-तिरक्या भिंतींनी चार कप्प्यांत विभागलेला असतो. वारा ज्या बाजूने येतो त्या कप्प्यातून खाली खोलीत ढकलला जातो आणि खोलीतली गरम हवा दुसऱ्या बाजूच्या कप्प्यातून वर ओढली जाते. दिशा बदलली तर कप्प्यांची कामंही बदलतात, म्हणून तोंडं चारही बाजूंना. हा काही एसी नव्हे. हवा फारशी थंड होत नाही, तिचा वेग वाढतो आणि अंगावरचा घाम सुकतो. जे घर आतून बघता येतं तिथे बुरुजाच्या बरोबर खाली उभे राहा, मग तीन पावलं बाजूला सरका. फरक लगेच कळतो.

भिंतीतला खडबडीत, छिद्राछिद्रांचा दगड समुद्रातलं प्रवाळ आहे. छिद्रांत हवा अडकते, त्यामुळे भिंत लवकर तापत नाही. आणि छत बघा. या गोल वाशांना चंदल म्हणतात, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं खारफुटीचं लाकूड, गलबतांतून आलेलं. वासा साधारण साडेतीन मीटरच्या पुढे मिळत नसे, म्हणून खोल्या लांबीला कितीही वाढल्या तरी रुंदीला तेवढ्याच. दारं-खिडक्यांचं सागवान मात्र हिंदुस्थानातून यायचं. गल्ल्या बहुतेक खाडीकडे तोंड करून आहेत, तेही वाऱ्यासाठीच.

ही वस्ती आज आहे हे नशीब म्हणायचं. १९८०च्या दशकात निम्मी पाडून झाली होती, उरलेलीही जाणार होती. इथलंच एक घर दुरुस्त करून राहणारे ब्रिटिश वास्तुविशारद रेनर ऑटर यांनी प्रिन्स चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, यांना पत्र लिहिलं. १९८९च्या दौऱ्यात चार्ल्स वस्ती बघायला आले आणि पाडकाम थांबलं.

गल्ल्यांत फिरायला तिकीट नाही. जवळचा अल फहिदी किल्ला १७८७चा, शहरातली सगळ्यात जुनी उभी इमारत. त्यातलं दुबई म्युझियम गेली काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं आहे, तेव्हा आधी चौकशी करा. संग्रहालयच बघायचं असेल तर खाडीच्या तोंडाकडचं शिंदगा म्युझियम गाठा, पण त्याला वेगळी सकाळ द्या. या दुपारीत ते कोंबू नका.

एक इशारा. वस्तीच्या पलीकडे खाडीकाठाने 'अल सीफ' लागेल. मातीच्या भिंती, उखडलेला गिलावा, लोंबणाऱ्या वायरी. हे सगळं २०१७ साली उघडलेलं नवं बांधकाम आहे आणि गिलावा मुद्दाम उखडलेला आहे! कॉफी प्यायला छान. पण कित्येक जण तिथेच फोटो काढून 'जुनी दुबई झाली' म्हणतात आणि शंभर पावलांवरची खरी वस्ती बघतच नाहीत.

[मोठ्या मशिदीमागची गल्ली.]

किल्ल्यापासून खाडीकडे निघालात की मोठी मशीद आणि तिच्या मागे ही बोळवजा गल्ली, हिंदी लेन. फुलांच्या वेण्या, कुंकू, उदबत्त्या, नारळ. इथलं जुनं शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये जबल अलीला हलवलं, तेव्हा जुन्या ब्लॉगांवर विसंबून खास त्या दर्शनासाठी येऊ नका.

इथे मराठी कानाला परकं वाटत नाही, त्याला कारण आहे. या किनाऱ्याचा मोती मुंबईच्या बाजारात विकला जायचा. व्यवहाराचं चलन रुपया. १९५९पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपया' छापला, तो इथे १९६६पर्यंत चालला. त्या वर्षी जूनमध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि दुबईने रुपयाला रामराम ठोकला. मोत्याचा धंदा त्याआधीच बसला होता, १९२९नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिम मोती यांनी. मग आलं सोनं. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी होती. इथे ते कायदेशीर विकत घेतलं जाई आणि गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चोरून उतरवलं जाई, दहा-दहा तोळ्यांच्या बिस्किटांच्या रूपात. एक बिस्कीट ११६.६४ ग्रॅमचं.

पुढे लाकडी छताखाली कापडबाजार. इथे एकच पथ्य: गळ्यात शाल घालू देऊ नका. विक्रेता 'फ्री फ्री, फक्त फोटो' म्हणत पश्मिना गुंडाळतो, मग ती काढून परत देताना तुम्हालाच संकोच वाटतो आणि भाव सुरू होतो. ती बहुतेक वेळा व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर असते. हात मागे, नजर पुढे, 'नको' एकदाच.

[अब्राच्या धक्क्यावर.]

आता अब्रा. भाडं १ दिरहॅम. तिकीटखिडकी नाही, नोल कार्ड नाही. नाणं थेट चालवणाऱ्याच्या हातात, तेही होडी निघाल्यावर. म्हणून सुटी नाणी आधीच मोडून ठेवा. १०० ची नोट दाखवलीत तर खाडीच्या मध्यावर सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर. होडीत साधारण वीस माणसं, आणि आपल्या शेअर रिक्षासारखीच, भरली की सुटते. मध्ये लाकडी बाकं पाठीला पाठ लावून, आणि त्यांच्यामध्ये खड्ड्यात उभा राहून नावाडी सुकाणू धरतो.

धक्के दोन आहेत आणि इथे गफलत होते. 'बर दुबई' धक्क्यावरून सुटणारी होडी 'देरा ओल्ड सूक'ला लागते. कापडबाजाराच्या पोटातल्या 'दुबई ओल्ड सूक' धक्क्यावरून सुटणारी 'सबखा'ला. मसालेबाजारासाठी पहिली घ्या. दुसरीने गेलात तर पलीकडे पोचल्यावर पाच-दहा मिनिटं उलटं चालावं लागेल, एवढंच. 'प्रायव्हेट अब्रा' म्हणून कुणी गाठलं तर तो तासाने भाड्याचा वेगळा प्रकार आहे, १२० दिरहॅमचा. नुसतं पलीकडे जायचं असेल तर त्याच्याकडे बघूही नका.

चढताना होडी धक्क्याला टेकलेली असताना पाय टाका, ती मागे सरकत असताना नव्हे. काठावर बसलात तर हात आणि कोपरं आत. होड्या एकमेकींना घासूनच धक्क्याला लागतात. १९६३मध्ये मक्तूम पूल होईपर्यंत दोन काठ जोडणारा पूलच नव्हता: होडी, नाहीतर खाडीला लांबचा वळसा. खाडी गाळाने भरत चालली होती, ती दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी कर्ज काढून उपसून घेतली, तेल सापडायच्या आधी. तेल सापडलं १९६६ला.

[देरा. मसालेबाजार.]

धक्क्यावरून रस्ता ओलांडला की मसालेबाजार. हळद-मिरचीसाठी इथे येण्यात अर्थ नाही, ती आपल्याकडे चांगली आणि स्वस्त मिळते. घ्यायच्या वस्तू तीन: केशर, लोबान आणि लूमी.

केशराची फसवणूक दोन प्रकारची. एक, करडईची फुलं 'केशर' म्हणून. काडी कोमट पाण्यात टाका. खरं केशर पाणी हळूहळू पिवळं करतं आणि काडी लालच राहते. लगेच लाल रंग सुटला आणि काडी पांढरी पडली तर दुकान सोडा. दुसरी फसवणूक मापाची. 'वीस' असं ऐकू येतं, तुम्ही डबीचा भाव समजता, वजन झाल्यावर तो ग्रॅमचा निघतो. लोबानात भाव १०० ग्रॅमचा की किलोचा, हेही असंच संदिग्ध ठेवतात. वजनकाट्यावर माल चढायच्या आधी 'किती ग्रॅमचा भाव?' हे विचारून आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा. काम झालं. लोबानाचे खडे जितके फिके, हिरवट झाकेचे, तितके वरच्या प्रतीचे. ओमानचा होजारी त्यात चढा. लूमी म्हणजे वाळवून काळपट झालेलं लिंबू. डाळीत किंवा रश्श्यात एक ठेचून टाकलं की आंबटपणाला धुरकट चव येते.

[सोनेबाजाराची कमान.]

इथून पाच-सात मिनिटांवर सोनेबाजार. काचेमागची ६४ किलोंची, २१ कॅरेटची अंगठी बघून घ्या, गर्दी तिथेच असते. मग हिशोब.

दर सगळीकडे सारखाच असतो. तो दिवसातून काही वेळा जाहीर होतो आणि फलकावर लागतो. घासाघीस दरावर नाही, मजुरीवर करायची. समजा २२ कॅरेटचा दर ५०० दिरहॅम ग्रॅम, साखळी १० ग्रॅमची. सोन्याचे झाले ५,०००. मजुरी ग्रॅमला २०, म्हणजे २००. एकूण ५,२००. त्यावर ५ टक्के व्हॅट २६०. बिल ५,४६०. मजुरी २० ची १२ झाली तर ८० वाचतात, व्हॅट धरून ८४. 'आज दरातच सूट देतो' म्हणणारा ती मजुरीतून वसूल करणार. खड्यांचा दागिना असेल तर खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोनं किती ते बिलावर लिहून घ्या. छाप बघा: ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ८७५ म्हणजे २१, ७५० म्हणजे १८.

पर्यटकाला व्हॅट परत मिळतो. एका बिलावर किमान २५० दिरहॅमची खरेदी हवी आणि बिल करायच्या आधी पासपोर्ट दाखवायला हवा, नंतर नाही. परतावा कराच्या ८५ टक्के, वर ४.८० दिरहॅम शुल्क कापून. वरच्या उदाहरणात २२१ उणे ४.८०, म्हणजे २१६.२० हातात. विमानतळावर ही नोंद बॅग चेक-इन करायच्या आधी करायची. अधिकारी माल दाखवा म्हणतात, आणि तो पट्ट्यावरून आत गेलेला असला तर दाखवणार काय?

'वॉच? बॅग? कॉपी?' असं कुजबुजत कुणी वरच्या मजल्यावर चला म्हणालं तर जाऊ नका. नकली माल तर आहेच, शिवाय बंद खोलीत भाव करायला कुणी सांगितलंय?

आणि मुंबईला उतरल्यावरचा कस्टमचा भाग. पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ही सवलत एका वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्याला आहे. आठवड्याची सहल करून आलेल्याला ती लागू नाही. शिवाय ती फक्त दागिन्यांना. नाणं आणि बिस्कीट यांवर दुबईत व्हॅट लागत नाही म्हणून ती स्वस्त वाटतात, पण मुंबईत त्यांना सवलतच नाही: लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करायचं आणि शुल्क भरायचं. त्या वेळी बिल हातात हवं. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा निघण्याआधी भारतीय कस्टमच्या संकेतस्थळावर ताजा दर बघा, तो वरच्या बिलात मिळवा, आणि मग पुण्याच्या किंवा मुंबईच्या सराफाच्या भावाशी ताडा. बऱ्याचदा उत्तर 'नुसतं बघून या' असंच येतं.

परतीला अल रास स्टेशन जवळ आहे, तीच हिरवी लाइन. ती खाडीच्या खालून बर दुबईला जाते.