एकटीनं नाही म्हणून भागत नाही

धंद्यातल्या बाईनं निरोधाचा आग्रह धरावा, असं आपण सहज म्हणतो. पण रात्री साडेअकराला गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं, "दुप्पट देतो, पण ते नको." तिची भवानी झालेली नसते. खोलीचं भाडं थकलेलं असतं, पोराची फी तोंडावर आलेली असते. तिनं नकार दिला, तर तो भांडत बसत नाही. शेजारच्या दारात जातो. भवानी त्या शेजारणीचीही झालेली नसते. एड्सचं सगळं गणित मला या दोन दारांमधल्या चार पावलांत दिसतं. अख्ख्या गल्लीचं उत्तर एकच असलं, तरच तो निमूट निरोधाचं पाकीट हातात घेतो.

हे आधी कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीनं करून दाखवलं. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी तिथं काम सुरू केलं, तेव्हा निरोध नियमित वापरणाऱ्या बाया शंभरात जेमतेम तीन होत्या. त्यांनी वस्तीतल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण देऊन घरोघर पाठवलं. घरवालीशी, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईशी, आणि गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या त्याच. दशक संपायच्या आत हे प्रमाण ऐंशीच्या पुढे गेलं. आपल्याकडे सांगलीत 'संग्राम' संस्थेनं १९९२ मध्येच ही वाट धरली, आणि १९९६ मध्ये बायांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. संघटना आधी येते, वापर तिच्या मागून येतो, हे माझं ठाम मत आहे.

पोलिसांची भीतीही होतीच. धाडीत सापडलेली पाकिटं पुरावा ठरतील, म्हणून बाया ती जवळ ठेवायला कचरत. निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये सांगावं लागलं. हा आदेश प्रत्येक चौकीत पोचला पाहिजे.

वापरायचं कसं, हे तर शिकवावंच लागतं. एकीनं मला खोबरेल तेलाची बाटली दाखवली. त्रास कमी होतो म्हणून ती तेल लावायची. तेलानं रबर कमजोर होऊन फाटतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाण्याचं वंगण दिलं, तेव्हा तिचा प्रश्न सुटला.

सगळ्यात अवघड असतो तो 'मालक'. म्हणजे तिचा कायमचा माणूस, जो पैसे मोजत नाही. गिऱ्हाइकाला कधी न चुकणारी एक बाई मालकासोबत मात्र निरोध वापरत नव्हती. कारण विचारलं, तर म्हणाली, "त्यालाही लावला, तर तोही गिऱ्हाईकच झाला की ताई." मला तिथं काही बोलता आलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी निरोधाचा विषयच काढला नाही. फक्त म्हणत राहिले, दोघं मिळून एकदा रक्त तपासून घ्या.

तीन महिन्यांनी ती त्याला घेऊन तपासणी केंद्रात आली. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली होती आणि चिठ्ठी तिच्या मुठीत होती.