नवं औषध उशिरा का येतं?

(राजर्षी शाहू स्मारक भवन, कोल्हापूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज केमिस्ट मंडळी बरीच आली आहेत, इथल्या सीपीआर रुग्णालयातले तरुण डॉक्टरही दिसताहेत. म्हणून सरळ मुद्द्याला हात घालतो.

नव्या औषधाला परवानगी मिळायला उशीर होतो, ही तक्रार खरी आहे. पण तपासायला लागणारा वेळ आणि फाइल नुसती पडून राहण्याचा वेळ, या दोन्हींना आपण एकाच मापाने मोजतो. १९६०च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या खात्यातल्या अधिकारी फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाची फाइल आली. युरोपात ते औषध सर्रास विकलं जात होतं, कंपनी हात धुऊन मागे लागली होती, पण बाई पुन्हा पुन्हा माहिती मागवत राहिल्या. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ते मागे घेतलं गेलं, तोवर गरोदरपणी ते घेतलेल्या बायकांची हजारो मुलं हातापायांची वाढ खुंटलेल्या अवस्थेत जन्मली होती. त्या उशिराला मी नावं ठेवणार नाही.

आता आपल्याकडचं बघा. एमडीआर टीबीवरचं, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं, बेडाक्विलिन. चाळीसएक वर्षांत टीबीसाठी आलेलं पहिलं नव्या गटातलं औषध. अमेरिकेत २०१२च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली, तीही छोट्या चाचणीवर. त्या चाचणीत औषध घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० दगावले, न घेणाऱ्या ८१ पैकी २. शिवाय हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याची भीती. मग आपल्याकडे सावधपणे पावलं टाकली गेली, तर त्यात गैर काय? २०१५ मध्ये अटींसह परवानगी आली.

माझा राग त्यापुढचा आहे. २०१६ मध्ये औषध सुरू झालं ते पाच शहरांतल्या सहा केंद्रांवर. कोल्हापूरला सर्वांत जवळचं मुंबई. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याने रोजगार बुडवून, धाप लागत असताना मुंबई गाठायची? २०१७ मध्ये पाटण्याच्या अठरा वर्षांच्या मुलीसाठी घरच्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे औषध मिळालं.

इतर रुग्णांना तोवर कानामायसिन या जुन्या औषधाची इंजेक्शनं, महिनोन् महिने. आधी कानात शिट्टी वाजत राहते. मग दाराची बेल ऐकू येत नाही. मग बायको काय म्हणतेय ते तिच्या ओठांवरून ओळखायची पाळी येते. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

दक्षिण आफ्रिकेने बेडाक्विलिन व्यापक प्रमाणावर वापरलं आणि रुग्णांच्या नीट नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून दिसलं, की मृत्यू वाढले नाहीत, उलट कमी झाले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन वापरू नका असं सांगितलं. चाचणीतल्या आकड्यांनी घातलेली भीती अशी नोंदींनी घालवली. माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथेच आहे.

आपले नियमही आता बदललेत. २०१९च्या नियमांनी औषधाच्या चाचणीच्या अर्जावर निर्णय द्यायला मुदत घातली: भारतात शोधलेल्या औषधासाठी कामकाजाचे ३० दिवस, बाकीच्यांसाठी ९०. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मंजूर झालेल्या काही प्रकारच्या औषधांना, उदाहरणार्थ दुर्मीळ आजारांवरच्या, इथल्या चाचणीतून सूट मिळू शकते. बदल्यात औषध बाजारात आल्यावर कंपनीने इथल्या रुग्णांवर अभ्यास करायचा. म्हणजे तपासणीचा मोठा भाग परवानगीनंतर होणार, आणि तो दिल्लीत नव्हे, तुमच्या काउंटरवर आणि आमच्या ओपीडीत होणार.

पेशंट सांगतो, गोळी घेतल्यापासून अंगावर पुरळ आलंय. आपण गोळी बदलून देतो आणि विषय तिथेच संपतो. ही माहिती कुणालाच कळत नाही. मग परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने कशाच्या भरवशावर घाई करायची?

साइड इफेक्ट कळवायला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. डॉक्टर, केमिस्ट, नर्स, स्वतः रुग्ण, कुणीही कळवू शकतं. औषधच कारण आहे हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, शंका पुरते. कोणतं औषध, कधी सुरू केलं, काय झालं, एवढं सांगा. आणि पाकीट फेकू नका, त्यावरचा बॅच नंबर लागतो.